गॅदरिंगचं ते तांदळाचं पोतं

गोव्यात डिचोलीकडच्या आमच्या शाळेचं गॅदरिंग दरवर्षी डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर. शाळा चर्चची, मुलं मात्र सगळ्या घरांतली. नाच, फॅन्सी ड्रेस, बक्षिसं हे सगळं व्हायचंच, पण मनात राहिलंय ते 2012चं गॅदरिंग.

त्या वर्षी सप्टेंबरात सरकारनं मायनिंग बंद केलं, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचाही आदेश आला आणि वाड्यावर दारोदार खनिज वाहणारे ट्रक उभे. ट्रक थांबला तरी बँकेचा हप्ता थांबत नाही ना, मग गॅरेजवाला, टायरवाला, नाक्यावरचा चहावाला, सगळ्यांचेच हाल. यंदा गॅदरिंग नको असं बरेच पालक म्हणाले. फादर म्हणाले करूया, जेवण आपण मिळून रांधू.

नाटुकलं होतं बायबलमधल्या सारफथ गावच्या विधवेचं. दुष्काळ पडलाय, मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल, त्याची शेवटची भाकर करून मुलाबरोबर खायची आणि मग मरायचं म्हणून ती काटक्या गोळा करतेय, आणि एलीया संदेष्टा म्हणतो आधी मला एक छोटी भाकर करून दे! मला तो एलीया निष्ठुर वाटायचा. फादर प्रॅक्टिसला म्हणाले, देवाने त्याला कुठल्या श्रीमंताकडे नाही पाठवलं रे, हिच्याकडेच पाठवलं. येशूनेही दानपेटीपाशी बसून कौतुक केलं ते दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचंच. उरलंसुरलं देणं वेगळं आणि हे वेगळं, हे मला तेव्हा कळलं.

मेकपच्या खोलीत कोपऱ्यात, पडद्याआड एक पोतं ठेवलेलं. घरून आणलेले तांदूळ त्यात टाकायचे, नाव नाही, वजन नाही, आणि ज्याच्या घरी कमी आहेत त्याने त्यातलेच न्यायचे. आत कोण टाकायला गेला आणि कोण न्यायला, बाहेर कुणाला कळायचंच नाही. भाजीचंही तसंच, कुणी सुरण, कुणी मुळा, कुणी कणसं, परसात असेल ते आणलं आणि सगळ्या आयांनी मिळून एवढं मोठं खतखतं केलं, तिरफळांचा वास पार ग्राउंडभर.

2018 ला लीज रद्द होऊन मायनिंग परत थांबलं तेव्हा पोतं ठेवा म्हणून कुणाला सांगावं लागलं नाही. अजूनही ठेवतात. यंदा येणाऱ्यांनी तांदूळ आणा, उकडे असोत की सुरय, आणि ज्यांना लागतायत त्यांनी रिकामी पिशवी घेऊनच या, बिनधास्त.