खीरगंगा: आत्याचे गुडघे आणि एक भिंत

हिमाचलमधल्या खीरगंगेला वर पोचल्यावर आधी दिसलं ते गरम पाण्याचं, पुरुषांचं कुंड. चांगलं ऐसपैस, उघडं. पाण्यातून वाफा निघत होत्या आणि समोर सबंध पार्वती खोरं, त्यापलीकडे बर्फाची शिखरं. वीस-पंचवीस जण गळ्यापर्यंत पाण्यात बसून ते बघत होते. आत्या काठी टेकत पुढे गेली, दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "आपलं कुठे गं?"

आपलं शेजारी होतं. चारही बाजूंनी बंदिस्त, लहानसं. आत शिरलं की डोळ्यांसमोर भिंत. मागे वळलं तरी भिंतच.

मला तिथेच रडू यायला लागलं, खरं सांगते. एकसष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली, साडेसात तास चढून आली होती. बाकीचे चार-पाच तासांत येतात. आम्ही बरशैणीहून, जिथे गाडीरस्ता संपतो तिथून, सकाळी सहाला निघालो होतो. नकथान गावातून जाणारी वाट धरली, कारण ती त्यातल्या त्यात सोपी असं सगळ्यांनी सांगितलं होतं. रुद्रनागच्या धबधब्यापर्यंत आत्या मजेत होती. खडकावरून नागासारखं वळत येणारं ते पाणी बघून तिने हात जोडले, बिस्किटं खाल्ली. पण नदी ओलांडल्यानंतर जंगलातली जी चढण लागते, तिने जीव काढला. मुळांच्या पायऱ्या, त्यावर चिखल. दर वीस पावलांनी ती थांबायची आणि म्हणायची, "मी बरी आहे, तू बोलू नकोस." मग मी बोलत नव्हते.

मुंबईहून निघाल्यापासून भुंतरपर्यंतचे दोन दिवस मला आता नीट आठवतही नाहीत. कसोलमध्ये एक रात्र काढली. गर्दी, गोंगाट, पुन्हा राहणार नाही.

आत्याचं माहेर दापोलीकडचं. उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर ती लहानपणी आजीबरोबर जायची. कोकणातल्या बायकांना गरम पाण्याच्या झऱ्याचं काय असतं ते मुंबईत वाढलेल्या मला कळणार नाही, असं ती नेहमी म्हणते. भाताची लावणी संपली की अंग शेकायला जायचं, ही त्यांची रीत. म्हणून हिमालयात डोंगराच्या माथ्यावर तसंच पाणी आहे असं मी एकदा बोलून गेले, तेव्हापासून तिने दुसरा विषय काढला नाही.

बायकांच्या कुंडात आमच्याआधी तिघीजणी होत्या. दोघी दिल्लीच्या कॉलेजातल्या मुली आणि खालच्या एका गावातली, डोक्याला ढाटू बांधलेली एक म्हातारी. आम्ही थेट पाण्यात उतरायला निघालो तशी तिने हात वर करून थांबवलं. "पहले बाहर नहाओ, माताजी." नळीतून येणाऱ्या पाण्याखाली अंग धुवायचं, मगच कुंडात पाय टाकायचा. साबण अजिबात नाही. आत्याला हे फार आवडलं. "आमच्याकडेही आजी हेच सांगायची," असं तिने मराठीतच म्हातारीला सांगितलं आणि म्हातारीने मान डोलावली.

पाणी कढत होतं, पण सोसवेल इतकंच. थंडीने बधिर झालेला पाय आत घातला की आधी काही कळत नाही, मग हजार सुया टोचतात, मग एकदम सगळं सैल होतं. गंधकाचा वास येत होता, सौम्य. पाण्यात पांढरे धागे तरंगत होते, सायीच्या तुकड्यांसारखे. दिल्लीच्या मुली ते बघून जरा अंग आखडून बसल्या होत्या. म्हातारी म्हणाली, तीच तर खीर. कार्तिकेय इथे तप करत होता, त्याच्यासाठी पार्वतीमातेने खीर वाहती केली. पुढे माणसं त्यासाठी भांडतील म्हणून परशुरामाने तिचं पाणी केलं. परशुरामाचं नाव ऐकताच आत्या ताठ बसली. कोकणच्या माणसाला परशुराम इतक्या लांब भेटला की त्याला घरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं.

हिमालयात ज्वालामुखी नाही, तरी पाणी इतकं तापतं कसं, हे मी आत्याला समजावत होते. पावसाचं आणि बर्फाचं पाणी भेगांमधून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. आत्याने ऐकून घेतलं आणि गुडघे चोळत म्हणाली, "पाऊस पडून किती वर्षांनी वर येत असेल गं हे?" त्यानंतर मला त्या पाण्यात नुसतं बसवेना. सारखं हातात घेऊन बघत होते.

म्हातारीने आत्याचा एक पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि अंगठ्याने गुडघ्याच्या वाटीभोवती दाबत राहिली. तिला मराठी येत नव्हतं, आत्याला तिची पहाडी कळत नव्हती. तरी दोघी अर्धा तास सुनांबद्दल बोलल्या, हे मी शपथेवर सांगते.

भिंतीपलीकडून मात्र स्पीकरचा दणदणाट चालू होता. तिकडे सूर्यास्त झाला तेव्हा शिट्ट्या ऐकू आल्या, त्यावरून आम्हाला कळलं. मला याचा राग आला आणि अजून आहे. आडोसा हवाच, कपडे बदलायला, निवांत बसायला हवाच. पण दरीकडची बाजू मोकळी ठेवून आडोसा करता येत नाही का? समोर तर कुणी राहतसुद्धा नाही, नुसते डोंगर आहेत.

दुसरी खंत कचऱ्याची. काठावर शांपूच्या रिकाम्या पुड्या मी स्वतः अकरा उचलल्या. हा सगळा भाग 2010 सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे. 2018 मध्ये कोर्टाच्या आदेशानंतर इथले तंबू आणि ढाबे हटवले होते, तरी मुक्कामाची सोय पुन्हा उभी राहिलीच. आम्हीही एका ढाब्याच्या मागच्या लाकडी खोलीत झोपलो. म्हणजे त्या ओझ्यात आमचाही वाटा आहे. पण निदान वरच्या कुंडात आपण जे सोडतो ते खाली गावांकडे वाहत जातं, एवढं तरी लक्षात ठेवा.

ऑक्टोबरची रात्र. तीन रजया घेऊनही माझे दात वाजत होते. पहाटे आत्याने हलवून उठवलं. "चल. ती म्हातारी म्हणाली होती, पाचला पुरुषांच्या कुंडावर कुणी नसतं."

खरंच कुणी नव्हतं. फक्त एक साधूबाबा झाडूने काठावरचं शेवाळ काढत होते. मी दारातच थबकले, पण आत्या पुढे गेली, चपला लांब काढल्या, नळीखाली पाय धुतले आणि काठावर बसून साडी गुडघ्यांपर्यंत वर घेऊन पाय पाण्यात सोडले. बाबांनी बघितलं. काही न बोलता ते पलीकडची बाजू झाडायला निघून गेले.

मी तिच्या शेजारी बसले. समोर अजून सगळं काळंनिळं होतं. मग सर्वांत उंच शिखराचं टोक आधी तांबूस झालं, आणि तो रंग सावकाश खाली उतरत आला. दहा मिनिटं, फार तर पंधरा. आत्या त्या वेळात एक शब्द बोलली नाही. पुरुषांचे आवाज यायला लागले तसे तिने पाय बाहेर काढले. घोट्यांपासून गुडघ्यांपर्यंत लालबुंद झाले होते. तिने ते पदराने पुसले आणि माझा हात न धरता उठली.