दंगा न करणारं मूल आणि एडीएचडी

एडीएचडी (लक्ष टिकवण्यात अडचण, अतिचंचलता आणि उतावळेपणा) म्हटलं की बाकावरून उड्या मारणारा मुलगाच आठवतो. त्याच्या तक्रारी रोज घरी येतात, म्हणून तो लवकर सापडतो. राहून जाते ती खिडकीबाहेर बघत बसणारी, कुणालाच त्रास न देणारी मुलगी. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा शेरा वर्षानुवर्षे तिच्या प्रगतिपुस्तकात असतो.

तिची गणिताची वही उघडा. रीत बरोबर, पण दुसऱ्या ओळीत ३६चे ६३ झालेले, वजाबाकीऐवजी बेरीज केलेली, प्रश्नाचा ‘ब’ भाग सुटलेला. तेच गणित तोंडी घाला, उत्तर बरोबर येतं.

अर्थात एका वहीवरून निदान होत नाही. लक्ष न लागण्याच्या नऊपैकी किमान सहा लक्षणं (वय १७ पासून पाच) सहा महिने दिसायला हवीत, त्यांतली काही वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून, आणि घर-शाळा दोन्हीकडे. फक्त शाळेतच अडत असेल तर आधी वाचन-लेखनाची अडचण तपासावी. नववीत अचानक लक्ष उडालं असेल तर झोप आणि उदासी बघावी. कान आणि डोळे तर तपासायचेच. ‘मोबाईलवर बरी दोन तास बसते!’ याला फारसा अर्थ नाही. तिथे क्षणाक्षणाला काहीतरी नवं मिळतं, पाढ्यांत मिळत नाही.

निदानानंतर खूप उपयोगी पडतं ते रोजचं कार्ड. त्यावर तीनच गोष्टी लिहा, आणि त्या मोजता येतील अशा: फळ्यावरचा गृहपाठ डायरीत उतरवला, वही बाईंकडे दिली, वर्गपाठ वेळेत संपवला. बाई तासागणिक खूण करतात, बक्षीस त्याच संध्याकाळी. रविवारपर्यंत थांबवलं की कार्डाचा जीव जातो. ‘नीट वागली’ असलं मोघम काही लिहू नका, आणि मिळालेल्या खुणा रागाच्या भरात कापू तर अजिबात नका. सुरुवातीला निम्म्या खुणांवरही बक्षीस द्या.

गृहपाठ १५ मिनिटांच्या तुकड्यांत, टेबलावर एकच वही ठेवून. सूचना जवळ जाऊन, एका वेळी एकच. स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेल्या तीन कामांतलं पहिलंही होत नाही.

सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांचं प्रशिक्षण, औषध नंतर. त्याहून मोठ्या मुलांना डॉक्टर बहुधा मिथाइलफेनिडेट हे लक्ष टिकवायला मदत करणारं औषध देतात. त्याने भूक मरते, म्हणून सकाळचा नाश्ता पोटभर द्यावा. दुपारचा डबा परत येणारच, त्यावरून भांडू नये. उशिरा घेतलं तर झोप उडते. वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब यांची नोंद दर भेटीत मागून घ्या.