दरवर्षीचा रिबा

पिल्झेनमध्ये आमची मुलगी ज्या संगीत शाळेत व्हायोलिन शिकत असे, तिथे नाताळच्या कार्यक्रमात या वर्षी काय बसवायचे, असा प्रश्न कोणी कधी विचारल्याचे मला आठवत नाही. नेहमीची शाळा सुटल्यावर वाद्ये, चित्रकला आणि नृत्य शिकवणाऱ्या अशा शाळा चेक प्रजासत्ताकात गावोगावी आहेत, आणि आमच्या शाळेच्या डिसेंबरातील मेळाव्यात संगीतकार याकुब यान रिबा यांचा १७९६ सालचा 'चेक नाताळ मास', म्हणजे चर्चच्या मास या प्रार्थनाविधीच्या धर्तीवरची संगीतरचना, ठरलेला असे. व्हायोलिनवर मुले, मागे गायनाला पालक आणि माजी विद्यार्थी अशी मांडणी असायची. मलाही आल्टोच्या, म्हणजे स्त्रियांच्या खालच्या सुरातल्या आवाजांच्या, रांगेत उभे करण्यात आले, ते आवाजापेक्षा नियमित हजेरीमुळे असावे.

रिबा यांचा जन्म १७६५ साली, पिल्झेनच्या दक्षिणेला जवळच असलेल्या प्शेश्टित्से गावी झाला. वडील शिक्षकच होते. प्राग येथे शिकत असलेल्या मुलाला त्यांनी शिक्षकी पेशासाठी परत बोलावून घेतले, आणि १७८८ पासून अखेरपर्यंत रिबा यांनी रोझ्मिताल या लहानशा गावात शाळा सांभाळली. त्या काळी बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागातील, खेड्यात जो मास्तर, तोच चर्चचा ऑर्गनवादक आणि गायकवृंदाचा चालक असे. चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीत-इतिहासकार १७७२ साली चास्लावच्या शाळेत गेला, तेव्हा लहान मुलेमुली लिहिण्यावाचण्याबरोबर व्हायोलिन आणि ओबो, बासून ही फुंकवाद्ये वाजवताना पाहून तो चकित झाला होता.

अशाच गावकऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना हाताशी धरून रिबा यांनी मास रचला असल्यामुळे तो आमच्यासारख्यांना झेपत असे. त्यातील भागांची नावे प्रार्थनाविधीतली असली, तरी शब्द लॅटिन नसून चेक आहेत आणि गोष्ट आहे ती मेंढपाळांची. सुरुवातीलाच एक तरुण मेंढपाळ आपल्या मालकाला, आकाशात उजेड पडला आहे, चटकन उठा, म्हणून हाका मारतो, आणि पाहता पाहता सगळे बेथलेहेमच्या वाटेला लागतात. मालकाचा खर्जातला भाग गाणारे आमचे गृहस्थ पेशाने वेल्डर होते. झोपमोड झाल्याचा त्यांचा त्रासिक चेहरा तालमीतही अगदी अस्सल वाटे.

कार्यक्रम चर्चमध्ये होत असे आणि तिथे कडाक्याची थंडी असे. थंडीत ऑर्गनच्या नळ्यांचा सूर उतरतो आणि तो ऐनवेळी बदलता येत नाही, म्हणून सगळ्यांना ऑर्गनशी जुळवून घ्यावे लागे. बासरी वाजवणारी मुलगी आपल्या बासरीचे तोंड शेवटच्या क्षणापर्यंत कोटाच्या आत ऊबेला धरून बसे. व्हायोलिनच्या मुलांचे हातमोजे बोटांच्या टोकाशी कापलेले असत, आणि नोटेशनच्या झेरॉक्स प्रतींवर आधीच्या कित्येक तुकड्यांच्या पेन्सिलच्या खुणा असत. एका जागी तीनदा अधोरेखित केलेले 'मोजा!' (म्हणजे ठोके मोजा) तर कोणीही खोडत नसे, कारण तिथे दरवर्षी कोणीतरी चुकेच.

नंतर शाळेत डब्यांची देवाणघेवाण होई. व्हॅनिलाची चंद्रकोरी बिस्किटे आणि मध्ये जॅम भरलेली लिंझर बिस्किटे यांवरून, दिवाळीच्या फराळात होते तशीच, कोणाची जास्त खुसखुशीत यावर चर्चा रंगे. मी नेलेल्या करंज्याही त्यात खपून जात.

या आनंदी संगीताच्या कर्त्याचे आयुष्य मात्र खडतर गेले. मोठे कुटुंब, तुटपुंजे उत्पन्न आणि गावच्या धर्मगुरूशी वर्षानुवर्षे चाललेले वाद यांनी ते खचले, आणि ८ एप्रिल १८१५ रोजी रोझ्मितालजवळच्या जंगलात त्यांनी आत्महत्या केली. त्यांनी चेक भाषेत लिहिलेले संगीताच्या मूलतत्त्वांचे पुस्तक १८१७ साली, म्हणजे त्यांच्या मागे छापले गेले. आमचे संचालक हे सगळे मुलांना पहिल्याच तालमीत, काहीही न लपवता सांगत. मला ते आधी फार कठोर वाटे, पण मुले त्यानंतर अधिक मन लावून वाजवत, हेही खरे.

मुलगी आता ब्रनोला शिकते. तिथल्या हौशी वाद्यवृंदात डिसेंबरात रिबा यांच्याच मासासाठी एक व्हायोलिन कमी पडले, तेव्हा तिला तालमीविनाच बसवून घेतले, आणि 'मोजा!' लिहिलेल्या त्या जागी तिच्या शेजारचा मुलगा चुकला, असे तिने फोनवर सांगितले.