बेरजेच्या खुणेतला अंगठा

वेंगुर्ल्यात पियानो शिकवायचा म्हणजे पावसाळ्याचे चार महिने निम्मे काम तो कोरडा ठेवण्याचेच असते. माझ्या उभ्या पियानोच्या पोटात जूनपासून एक लहानसा बल्ब सतत जळत असतो, तरीही दमट हवेने एखादी पट्टी फुगते आणि दाबली की वर यायला वेळ घेते. त्यामुळे गेल्या जुलैतल्या एका शनिवारी माझी बारा वर्षांची विद्यार्थिनी एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा अडखळू लागली, तेव्हा मी आधी पट्ट्याच तपासल्या. त्यांच्यात काही दोष नव्हता.

ती मोत्झार्टचा सी मेजरमधला (म्हणजे सी या सुरावर आधारलेला) सोनाटा, पियानोसाठीची एक मोठी रचना, वाजवत होती. मोत्झार्टच्या रचनांच्या केखेलने केलेल्या सूचीत त्याचा क्रमांक ५४५ आहे, आणि १७८८ साली मोत्झार्टने स्वतःच्या यादीत तो ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून नोंदवला होता. नवशिक्यांना तो जितका सोपा दिसतो तितका हाताला लागत नाही. पाचव्या बारपासून (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड) उजव्या हाताला सलग धावावे लागते. सी म्हणजे सा धरला, तर धैवतापासून वरच्या धैवतापर्यंत चढायचे आणि तसेच परत उतरायचे; मग हेच पंचमापासून, मग मध्यमापासून, मग गंधारापासून. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या असल्यामुळे लांब बोटांना टेकायला काळी पट्टी मिळत नाही आणि अंगठा खालून नेताना हात वाकडा होतो. पियानोवादक संगीतकार शोपँ आपल्या शिष्यांना सी मेजरचे सप्तक सर्वांत शेवटी द्यायचा, काळ्या पट्ट्यांचे बी मेजर आधी, त्याचे कारण हेच.

मुलीने हा भाग मे महिन्याच्या सुट्टीत घरी, विजेवरच्या कीबोर्डवर, एका जुन्या पुस्तकावरून आपणच बसवला होता आणि आता तो पाठ झाला होता. मी बाजूला बसून तिचा हात पाहू लागले. उतरताना अंगठा धैवतावर यायचा, पुढच्या बारच्या पंचमासाठी तर्जनी त्याला ओलांडून पलीकडे जायची, आणि पुन्हा चढताना धैवत घेण्यासाठी तोच अंगठा तर्जनीखालून परत यायचा. एवढी गुंतागुंत निमिषभरात व्हायची असल्याने प्रत्येक बारच्या सांध्यावर ठेच लागत होती. त्याहून विचित्र म्हणजे तिची करंगळी संपूर्ण भागात एकदाही पट्टीला लागत नव्हती. वरच्या धैवतावरही अनामिकाच येत होती.

तिचे आजोबा तिला घेऊन येतात आणि दाराजवळच्या खुर्चीवर छत्री उभी धरून बसतात. ते गावच्या भजनमंडळात पेटी वाजवतात, डबलबारीला, म्हणजे दोन मंडळांच्या भजनांच्या सामन्याला, साथ करतात. त्यांचा हात मी पाहिलेला आहे: डाव्या हाताने भाता, उजव्या हाताची मधली तीन बोटे सुरांवर, करंगळी जवळजवळ विश्रांतीला आणि अंगठा फक्त गरजेपुरता. (युरोपातही हे अनोखे नव्हते. जर्मन संगीतकार बाखच्या मुलाने १७५३ च्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे की वडिलांच्या तरुणपणी मोठमोठे वादक लांबचा सूर गाठायचा असेल तेव्हाच अंगठा वापरीत.) माझे निदान तिथल्या तिथे पक्के झाले. मी म्हटले, “ही पेटीची सवय आहे, ती मोडावी लागेल,” आणि तेही आजोबांच्या देखत. ते काही बोलले नाहीत.

मग मी पेन्सिलीने माझे आकडे लिहून दिले. पियानोत अंगठा १ आणि करंगळी ५. चढताना १-२-३, १-२-३-४-५ आणि उतरताना ४-३-२-१, ३-२-१, असा हा सरळ सप्तकाचा धडा. सावकाश वाजवताना तो छान बसला. वेग वाढवला आणि ठेच पुन्हा हजर झाली. या चुकीबद्दल मला अजूनही स्वतःचा राग येतो, कारण संथ लयीत जमलेली बोटे द्रुत लयीत जमतीलच असे नसते, हे मीच दर आठवड्याला कोणाला ना कोणाला सांगते. संथ लयीत हाताला सावरायला वेळ मिळतो, आणि बोटांची निवड चुकली असली तरी ती त्या वेळात झाकली जाते. इथे अंगठा धैवतावर संपत होता आणि पुढचा पंचमही अंगठ्यानेच घ्यायचा होता. एकच बोट लागोपाठ दोन पट्ट्यांवर नेण्याइतका वेळ त्या लयीत नव्हता.

तेवढ्यात आजोबा खुर्चीवरूनच म्हणाले, “बाई, ह्यो तर उतरतो पलटो. पुढच्या सुरावर खयचा बोट येतला, ता आधी बघूक व्हया.”

मी थांबले आणि उलटीकडून मोजू लागले. पुढचा बार पंचमापासून चढतो, म्हणजे पंचमावर अंगठा हवाच. मग त्याच्या आधीच्या धैवतावर तर्जनी, निषादावर मधले बोट आणि षड्जावर अनामिका. म्हणजेच रिषभावरच्या अंगठ्यावरून तिसरे बोट नव्हे, चौथे न्यायचे. उतरणे ४-३-२-१, ४-३-२ आणि पुढच्या बारचा पहिला सूर १. फरक एका बोटाचा होता, पण सांधा नाहीसा झाला, आणि सगळ्या पट्ट्या पांढऱ्याच असल्याने तीच बोटे चारही बारांना जशीच्या तशी लागू पडली. मुलीने दोनदा सावकाश आणि मग एकदम पूर्ण वेगात वाजवले. गंधाराच्या बारमध्ये ती स्वतःच हसली.

ते आकडे तिच्याच पुस्तकात लिहावेत म्हणून मी ते मागितले. आजोबांनी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांतून ते काढले. गोव्यातल्या कोणा नातेवाइकाकडून आलेले, कसरीने कडा खाल्लेले, इंग्लंडमध्ये छापलेले पुस्तक. पाचव्या बारवर आकडे होतेच: + १ २ + १ २ ३ ४, मग उतरताना ३ २ १ + ३ २ १, आणि पुढच्या बारच्या डोक्यावर पुन्हा +.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी पुस्तकांत अंगठ्याला आकडा नसे. त्याची खूण + असे, आणि १ म्हणजे तर्जनी. त्या हिशेबाने ४ म्हणजे करंगळी. शेवटचे ३ २ १ म्हणजे अनामिका, मधले बोट, तर्जनी. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर मी जे शोधून काढले होते, ते त्या पानावर आधीच छापलेले होते.

“ही बेरजेची चिन्हं कसली वाटली तुला?” मी विचारले.

“मला वाटलं, आधी कोणीतरी शिकत असेल, त्यांच्या टीचरनी चुका दाखवल्यात. म्हणून तिथे जे जवळ असेल ते बोट घेतलं.”

म्हणजे तिने प्रत्येक आकडा इमानाने पाळला होता, फक्त एक बोट बाजूला सरकून. करंगळी रिकामी राहिली ती पाच हा आकडाच कुठे नव्हता म्हणून. पेटीचा त्यात काडीचाही संबंध नव्हता, आणि ते मी आजोबांना तिथेच, माफी मागून सांगितले. ते म्हणाले, “ऱ्हवांदे ओ बाई,” आणि छत्री उघडायला पडवीत गेले.

मी पुस्तक रात्रभर ठेवून घेतले आणि पानापानावरच्या + खुणेखाली पेन्सिलीने १ लिहीत गेले, मूळच्या १ चा २, २ चा ३ करत. याच पुस्तकातून सुट्टीत तिने आणखी दोन रचना पाठ केल्या आहेत. त्या मी अजून ऐकलेल्या नाहीत.