तुम्ही विचारलंत म्हणून: बिल्ला नसलेली गाडी कोणाची?

नेदरलँड्समधल्या हार्लेमजवळ राहणारा मराठी माणूस जुन्या डच गाड्यांच्या नादी लागलाय म्हटल्यावर लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. एक, डच लोक स्पोर्ट्‌स कार बनवायचे? बनवायचे, आणि हाताने पत्रा ठोकून बनवायचे. दुसरी, कंपनीचा बिल्ला पडलाय, कागद गेलेत, तर ती गाडी कोणाची हे कळतं कसं? हे दुसरं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी ज्याच्यामुळे मी यात पडलो तो माणूस सांगतो. माउस गॅट्सोनिडेस. जन्म 1911 चा, जावा बेटावरचा. रॅलीचा पट्टीचा ड्रायव्हर. 1950 च्या माँटे कार्लो रॅलीत हंबर घेऊन दुसरा आला, 1953 मध्ये फोर्ड झेफिर घेऊन जिंकला. महायुद्ध संपल्यावर हेमस्टेडे गावात त्याने स्वतःच्या गाड्या बांधायला घेतल्या. सुरुवातीचं नाव गॅटफर्ड. त्याला फोर्डने हरकत घेतली, तेव्हा नाव गॅट्सो झालं. म्हणून जुन्या कागदावर गॅटफर्ड दिसलं तर ती वेगळी कंपनी समजू नका. गॅट्सो 4000 मध्ये मर्क्युरीचं (हा फोर्डचाच दुसरा ब्रँड) 3.9 लिटरचं व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन होतं, बंद गाडीला लढाऊ विमानासारखं पारदर्शक छत होतं आणि नाकाच्या मधोमध तिसरा दिवा. धंदा चालला नाही, पैसा संपला. पुढे वळणावर आपला वेग नेमका किती असतो हे मोजायला त्याने उपकरण तयार केलं आणि 1958 मध्ये त्याचीच कंपनी काढली. इंग्लंडमध्ये वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्याला आजही गॅट्सो म्हणतात. दंडाच्या पावतीमुळे नाव घरोघरी पोचलं आणि त्या देखण्या गाड्या विसरल्या गेल्या, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता ओळखण्याचं. माझे काका दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये होते. चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, कंपनीची, तिच्यावर बॉडी आपली, हे मी लहानपणी तिथे डोळ्यांनी पाहिलंय. काका म्हणायचे, "गाडी बघायची तर आधी खाली वाक." डच गाड्यांनाही हेच लागू पडतं. बॉडी कोणीही, कशीही बांधू शकतो. चेसी मात्र कुठल्या तरी कारखान्यातूनच आलेली असते.

म्हणून मी टॉर्च घेऊन आधी खाली शिरतो. पुढे आणि मागे स्प्रिंगचा आडवा एकेकच पाटा असला, दोन्ही चाकांमध्ये सलग अ‍ॅक्सल असला, तर बहुतेक 1948 पर्यंतची फोर्ड व्ही-8 चेसी. मग बॉनेट उघडायचं. त्या इंजिनाला एका बाजूला सिलिंडर चार, पण धूर बाहेर पडायला वाटा तीनच, कारण मधले दोन सिलिंडर एकच वाट वापरतात. फोर्ड की मर्क्युरी हे बाहेरून सांगणं अवघड. हेड उतरवून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजावा लागतो: युद्धाआधीच्या फोर्डचा साधारण 78 मिलिमीटर, मर्क्युरीचा 81. तीन मिलिमीटरचा फरक, पण 3.6 लिटरचे 3.9 लिटर तिथेच होतात. आणि फोर्डऐवजी सहा सिलिंडरचं फियाट 1500 निघालं तर माझी धडधड वाढते, कारण गॅट्सोनिडेसची ती चपटी छोटी गाडी, 'प्लाट्ये', फियाट 1500 वरच बांधलेली होती.

बॉडीकडे मी सगळ्यात शेवटी जातो. हातच्या पत्र्यावर तिरका उजेड पाडला की पाण्यावरच्यासारख्या बारीक लाटा दिसतात. डावा दरवाजा उजव्यापेक्षा बोटभर लांब निघतो. एक गफलत मात्र नेहमी होते. उंबऱ्यावर हेगच्या पेनॉकची पट्टी दिसली की लोक पेनॉकला गाडीची कंपनी समजतात. पेनॉक बॉडी बांधणारे होते. त्यांनी डेलाहेसारख्या फ्रेंच चेसीवर सुंदर बॉड्या चढवल्या, पण ती गाडी डेलाहेच.

गेल्या हिवाळ्यात एकजण आजोबांचा फोटो घेऊन घरी आला. उघडी, बुटकी गाडी, गवतात उभी, नाकाशी तिसरा दिवा. "गॅट्सोच ना?" त्याचा आवाज थोडा कापत होता. नंबर G ने सुरू होणारा, म्हणजे नॉर्थ हॉलंड प्रांत. हेमस्टेडे त्याच प्रांतातलं, त्यामुळे माझीही आशा वाढली. पण 1951 मध्ये नवी पद्धत येईपर्यंत इथे नंबर माणसाच्या नावावर असायचा. गाडी बदलली तरी नंबर तोच. म्हणजे त्यावरून आजोबा कळत होते, गाडी नाही.

भिंग लावलं. तिसरा दिवा नाकात बसवलेला नव्हता, बंपरच्या आडव्या पट्टीला क्लॅम्पने आवळलेला होता. मग चाक पाहिलं. पाच बोल्ट एकमेकांपासून खूप लांब, थेट ब्रेकच्या ड्रमच्या कडेपर्यंत पसरलेले. ही 1936 ते 1939 च्या फोर्डची खूण, इतकी ठळक की धूसर फोटोतही लपत नाही.

मी त्याला खरं ते सांगितलं: ही गॅट्सो नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग भिंग स्वतःच्या हातात घेऊन म्हणाला, "म्हणजे ही कोणीतरी स्वतःच बांधली?" आणि दरवाजाच्या वरची कडा निरखायला लागला. ती कडा पुढे जाड, मागे पातळ होत गेली होती, अतिशय नेटकी. ज्याने ती वळवली त्याचा हात तयार होता.

फोटोच्या मागे मी पेन्सिलीने लिहिलं: चेसी फोर्ड व्ही-8, 1936 ते 39. बॉडी हातची. खाली बांधणाऱ्याच्या नावासाठी एक ओळ कोरी सोडली आणि फोटो त्याला परत दिला.