हिरवा तो टोमॅटो

मेक्सिको सिटीतल्या पहिल्याच आठवडी बाजारात माझी फजिती झाली. रश्शासाठी 'तोमाते' मागितले आणि बाईंनी पिशवीत भरले हिरवे गोळे, तेही कागदी झबली घातलेले! तिथे तोमाते म्हणजे हा. बाकीचं जग ज्याला तोमातियो म्हणतं तो. आपला लाल टोमॅटो तिथे 'हितोमाते'. अ‍ॅझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत तो 'शितोमात्ल' होता. समुद्र ओलांडताना त्याच्या नावातलं 'शि' कुठेतरी गळलं, आणि उरलेलं नाव घेऊन तो जगभर मिरवत राहिला.

झबलं मात्र ओळखीचं वाटलं. शेताच्या बांधावरची चिरबोटी, बाजारातली रसभरी, सगळ्या याच्याच भावकीतल्या. चिरबोटीचे फुगे कपाळावर फोडलेले हात हे! पण तोमातियोचं झबलं काढलं की आतलं फळ बोटांना चिकटतं, साबण नीट न धुतल्यासारखं. कोमट पाण्यात चोळून धुवावं लागतं.

मग कोमालवर, म्हणजे आपल्या तव्यावरच, हिरवी मिरची आणि लसणीसोबत काळे डाग पडेपर्यंत भाजायचं. काळ्या दगडाच्या तीन पायांच्या खलात, मोल्काहेतेत, मीठ घालून ठेचायचं, वरून कांदा-कोथिंबीर. झाली साल्सा वेर्दे. ठेच्यावर वाढलेल्या माणसाला यात शिकवण्यासारखं काय आहे? आंबटपणा कैरीपेक्षा मवाळ, मागे किंचित गोडी. उकडून केली तर पोपटी रंग मेहंदीवर जातो. दिसायला बापुडवाणी, पण चिलाकिलेसवर, म्हणजे मक्याच्या पोळीच्या तळलेल्या तुकड्यांवर, तीच ओततात. याच वाटणात भोपळ्याच्या भाजलेल्या बिया पडल्या की मोले वेर्देची, म्हणजे दाट हिरव्या रश्शाची, तयारी. दाण्याच्या कुटावर पोसलेल्या मला ते लगेच पटलं.

शेजारच्या आजी तर झबलीही टाकत नाहीत. ती उकळून त्याचं पाणी तमालेसच्या, म्हणजे पानात गुंडाळून वाफवायच्या मक्याच्या उंड्यांच्या, पिठात घालतात. पीठ हलकं होतं म्हणे. मी केलेले तमालेस अजून दगडच होतात, तो भाग वेगळा.

हौसेनं गॅलरीत एक रोप लावलं. पिवळी फुलं आली, मधमाश्या आल्या, फळ एकही धरेना. पाणी वाढवलं, खत घातलं, फुलं आपली गळतच होती. आजींनी कुंडीकडे पाहिलं आणि हसल्या. तोमातियोला स्वतःचा पराग चालत नाही. शेजारी दुसरं झाड लागतंच. संध्याकाळी दह्याच्या डब्यात त्यांच्याकडचं एक रोप आलं. परवा मोजली, सात झबली धरली आहेत. अजून पोकळ आहेत, दाबून पाहू नको असं आजींनी बजावलंय. दोन दाबून झाली.