मुंडावळी आणि सेफ्टी पिन

भाची गौरीहरापुढे बसली होती. बाहेरून गुरुजींचा पुकारा आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मी हात पुढे केला, ती उठली आणि उजव्या कानशिलावरचा मुंडावळीचा सर हिरव्या चुड्यात अडकून तुटला. मोती टपटप तांदळात. नवरीच्या डोळ्यांत पाणी. माझी थोरली बहीण, म्हणजे नवरीची मावशी, काही न बोलता पुढे झाली. तिने आपल्या बांगडीला लटकवलेली सेफ्टी पिन काढली आणि उरलेला सर कपाळावरच्या पट्टीला टाचला. मुहूर्त टळला नाही.

अशी वेळ लंडनमध्येही येऊन गेली आहे. २० नोव्हेंबर १९४७, राजकन्या एलिझाबेथचं लग्न. डोक्यावर घालायचा टिआरा आईकडून उसना घेतलेला, मूळचा आजी क्वीन मेरीचा, १९१९ सालचा. हिऱ्यांच्या उभ्या काड्या शेजारी शेजारी लावलेल्या, झालरीसारख्या. ऐन सकाळी घालताना त्याची चौकट तुटली. जवाहिऱ्याचा माणूस तो घेऊन पोलिसांच्या बंदोबस्तात कारखान्यात धावला, जोडून परत आला. लग्नाच्या फोटोत नीट पाहिलं तर टिआऱ्याच्या मधोमध एक फट दिसते. मला तो फोटो त्या फटीमुळेच आवडतो. घाईत जोडलेली वस्तू लपत नाही, मग ती हिऱ्यांची असली तरी.

गंमत म्हणजे तिकडच्या जुन्या रिवाजाप्रमाणे टिआरा मिरवायचा तो विवाहित बाईने. लग्नाच्या दिवशी तो पहिल्यांदा डोक्यावर चढतो आणि पुढे जन्मभर मेजवान्यांना निघतो. आपल्याकडे नेमकं उलट. बाशिंग असो की मुंडावळ्या, त्यांचं राज्य एका दिवसाचं. मुंजीत बटूला थोडा वेळ मिळतं, मग थेट बोहल्यावर. दुसऱ्या दिवशी त्याच मुंडावळ्या बांधून कुणी भाजी आणायला गेला तर लोक दवाखान्याचा पत्ता विचारतील. आणि वेळेआधी बांधायची घाई झाली, तर गुडघ्याला बाशिंग आहेच.

तरी हा सोस काही सुटत नाही. इंग्लंडात १६४९ साली पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवल्यावर मुकुटही वितळवला गेला, सोनं टांकसाळीत गेलं. राजाच नको म्हटल्यावर मुकुट कशाला? पण बारा वर्षांत, १६६१ साली, त्याच्या मुलासाठी नवा घडवावा लागला. तोच, दोन किलोंहून जड, २०२३ च्या मे महिन्यात तिसऱ्या चार्ल्सच्या डोक्यावर ठेवला गेला. दोन किलो म्हणजे आपल्या घरातला भरलेला कुकर. डोक्यावर!

एलिझाबेथ राणी संसदेच्या उद्घाटनाला घालायची तो मुकुट त्याहून हलका, किलोभराचा. तरीही म्हातारपणी तिने एका मुलाखतीत सांगितलं होतं की, तो घालून भाषण वाचायला खाली बघता येत नाही; कागदच वर उचलावा लागतो, नाहीतर मान मोडायची. हे वाचलं आणि मला भाची आठवली.

कारण त्या दिवशी पिन तिच्या कानशिलाला टोचत होती. मान जरा खाली गेली की टोक लागायचं. एरवी ही मुलगी चालताना मोबाइलमध्ये डोकं घालून चालणारी, जन्मात कधी सरळ उभी न राहिलेली. त्या दिवशी माझ्या हाताला धरून अंतरपाटापर्यंत आली ती ताठ मानेने, हनुवटी वर, पापणीसुद्धा न हलवता. पाहुण्यांत कुजबुज झाली, काय रुबाब आहे पोरीचा! सासूबाई तर अजून सांगतात, नवरी अशी हवी.

मावशीला पिन काही परत मिळाली नाही. भाचीने ती मुंडावळीसकट डब्यात ठेवून दिली आहे.